सिंधूचे दैव लिहिणारा नाटककार

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीच्या 'एकच प्याला' या नव्या संगीत नाटकाचा पडदा प्रथमच वर गेला. नायिकेच्या भूमिकेत बालगंधर्व होते, नायकाच्या भूमिकेत गणपतराव बोडस. मराठी रंगभूमीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी नोंदवावा असा तो प्रयोग. तो पाहायला एकच माणूस हजर नव्हता आणि तो म्हणजे नाटककार. राम गणेश गडकरी त्याआधी बरोबर २८ दिवस, २३ जानेवारी रोजी, नागपूरजवळच्या सावनेर या गावी क्षयाने निवर्तले होते. वय अवघे ३३. ज्या सिंधूने पुढे पिढ्यान् पिढ्या मराठी प्रेक्षकांना रडविले, ती सिंधू रंगमंचावर कशी चालते, कशी बोलते, कशी मरते, हे तिच्या निर्मात्याला कधीच दिसले नाही.

शोकांतिका म्हटली की दैव आले. ग्रीकांच्या शोकांतिकांत देवांचे शाप पिढ्यांचा पाठलाग करतात. शेक्सपियरचे रोमिओ आणि ज्युलिएट जन्मतःच अशुभ ग्रहांखाली सापडतात. गडकऱ्यांच्या शोकांतिकेत मात्र शाप नाही, भविष्यवाणी नाही, दोन घराण्यांचे वैरही नाही. एक सुशिक्षित, बुद्धिमान तरुण आहे. त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारी पत्नी आहे. पाळण्यात मूल आहे. आणि टेबलावर एक पेला आहे. तेवढ्या भांडवलावर गडकऱ्यांनी मराठीतील सर्वांत भीषण प्रेमशोकांतिका उभी केली. ज्या माणसाने ती उभी केली, त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र दैवाने पुरेपूर हात धुऊन घेतले.

नवसारी ते पुणे

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी, त्या वेळच्या बडोदे संस्थानातील नवसारी भागात झाला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबातील हा मुलगा लहान वयातच पितृछत्राला मुकला. वडिलांच्या पश्चात कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली, ती पुढे कधी नीट बसलीच नाही. शिक्षणासाठी ते पुण्याला आले. मॅट्रिकनंतर फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण गणिताशी त्यांचे जमले नाही आणि परीक्षेतील अपयशानंतर महाविद्यालयीन शिक्षण सुटले. इंग्रजी नाटके आणि संस्कृत काव्य यांचे वाचन मात्र सुटले नाही. शेक्सपियरचा त्यांचा व्यासंग पुढे प्रत्येक नाटकातून जाणवत राहिला.

पदवी नाही, घरी पैसा नाही, अशा स्थितीत या तरुणाने १९०६च्या सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीची वाट धरली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून सुरू केलेली ही कंपनी तेव्हा महाराष्ट्रातील सर्वांत प्रतिष्ठित नाटक कंपनी होती. तेथे गडकऱ्यांना काम मिळाले ते कंपनीतील मुलांना शिकविणारा मास्तर म्हणून. वेळप्रसंगी नाट्यगृहाच्या दारावर उभे राहून तिकिटे पाहण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले. पुढे ज्याच्या नाटकांसाठी प्रेक्षकांनी दारावर गर्दी केली, तो नाटककार प्रथम त्याच दारावर उभा होता.

याच मुक्कामात त्यांनी रंगभूमी आतून पाहिली. कोणत्या वाक्याला टाळी पडते, कोणत्या प्रवेशात खुर्च्या करकरू लागतात, पल्लेदार भाषण नटाच्या श्वासात कसे बसते, याचे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते. त्याच कंपनीत १९०५मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक मुलगा दाखल झाला होता. तोच पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या गळ्यातील ताईत झाला. सिंधू लिहिणारा आणि सिंधू साकारणारा, दोघेही एकाच पंगतीत वाढले.

एक लेखक, तीन नावे

गडकऱ्यांचे साहित्यगुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. 'वीरतनय', 'मूकनायक', 'मतिविकार' ही नाटके आणि 'सुदाम्याचे पोहे' हे विनोदी लेख यांमुळे कोल्हटकर तेव्हा तरुण लेखकांचे दैवत बनले होते. शाब्दिक कोटी आणि कल्पनेची भरारी गडकऱ्यांनी त्यांच्याकडून उचलली आणि गुरूच्याही पुढे नेली. 'बाळकराम' या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले विनोदी लेख आजही ताजे वाटतात. विवाह जुळविण्याच्या उलाढालींपासून विस्मरणापर्यंत मध्यमवर्गीय घरातील प्रत्येक विसंगती त्यांच्या तडाख्यात सापडली.

कविता त्यांनी लिहिल्या त्या 'गोविंदाग्रज' या नावाने. केशवसुतांनी मराठी कवितेला जी नवी दिशा दिली, त्या परंपरेचा अभिमान बाळगणारा हा कवी 'प्रेमाचा शाहीर' म्हणून ओळखला गेला. त्यांच्या प्रेमकवितेत मीलनापेक्षा विरह अधिक, तृप्तीपेक्षा निराशा अधिक. 'राजहंस माझा निजला' या कवितेत मृत बालकाला मांडीवर घेऊन बसलेली माता आहे. मूल गेले आहे हे मान्य करायला ती तयार नाही. 'एकच प्याला'च्या अखेरच्या अंकातील आक्रोशाची चाहूल या कवितेतच लागते. त्यांच्या कविता 'वाग्वैजयंती' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या त्या त्यांच्या पश्चात.

कवी, विनोदकार आणि नाटककार अशी ही तीन माणसे एकाच दुबळ्या देहात नांदत होती. संसारात मात्र त्यांना स्वास्थ्य लाभले नाही. पहिला विवाह सुखाचा ठरला नाही. दुसरा विवाह झाला, तेव्हा आयुष्याची थोडीच वर्षे उरली होती. प्रेमावर इतके लिहिणाऱ्या या माणसाच्या वाट्याला प्रेमाचा संसार फारसा आलाच नाही.

'प्रेमसंन्यास' ते 'पुण्यप्रभाव'

गडकऱ्यांचे रंगभूमीवर आलेले पहिले नाटक 'प्रेमसंन्यास'. १९१२-१३च्या सुमारास महाराष्ट्र नाटक मंडळीने ते सादर केले. विषय विधवाविवाहाचा. जयंत आणि बालविधवा लीला यांचे एकमेकांवर प्रेम आहे, पण समाजाच्या दृष्टीने त्या प्रेमाला जागा नाही. या नाटकात दैवाचे काम रूढी करते. आगरकरांच्या लेखणीने आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या कार्याने जो प्रश्न सुशिक्षित महाराष्ट्रापुढे उभा केला होता, तो गडकऱ्यांनी प्रेमकथेच्या रूपाने मांडला आणि त्याचा शेवट दुःखातच केला. याच नाटकातील विसराळू गोकुळने प्रेक्षकांना पोट धरून हसविले. एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू ही गडकरी नाटकाची पुढील ओळख येथेच ठरली.

१९१६मध्ये आलेल्या 'पुण्यप्रभाव'मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली. नाकारल्या गेलेल्या प्रेमाने सूडाला पेटलेला वृंदावन आणि त्याच्यापुढे निर्भयपणे उभी राहणारी पतिव्रता वसुंधरा यांच्या या संघर्षात अखेर पुण्याचा विजय होतो. स्त्रीच्या निष्ठेपुढे दुष्टाचे हृदय वितळते. नाटक गोड शेवटाचे आहे.

या दोन नाटकांनंतर गडकऱ्यांनी जे केले, त्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. त्यांनी वसुंधरेसारखीच निष्ठावान स्त्री पुन्हा घेतली. तिच्यापुढे खलपुरुषाऐवजी तिच्यावर मनापासून प्रेम करणारा पती उभा केला आणि मग ती निष्ठा त्याला वाचवू शकते का, हा प्रश्न विचारला. उत्तर नकारार्थी होते.

पेल्यातली नियती

'एकच प्याला'ची कथा सर्वश्रुत आहे, तरी तिची रचना पाहण्यासारखी आहे. सुधाकर हा स्वतःच्या हिंमतीवर वर आलेला, तल्लख वकील. सिंधू श्रीमंत माहेरची. भाऊ पद्माकर तिच्यावर माया करणारा. मित्र रामलाल सावध आणि विचारी. एके दिवशी न्यायालयात सुधाकराचा मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. कारण तसे किरकोळ आहे. सहा महिने हां हां म्हणता सरले असते. पण मानी सुधाकराला तो अपमान सोसवत नाही. त्याचा कारकून तळीराम मनाचा दाह शमविण्याचा उपाय म्हणून त्याच्यापुढे पेला ठेवतो. फक्त एकच. नाटकाच्या नावातील सारा उपरोध या एका शब्दात आहे.

पुढचा उतार गडकऱ्यांनी पायरीपायरीने दाखविला आहे. घरातील वस्तू जातात, दागिने जातात, प्रतिष्ठा जाते. कोणाचीही मदत घ्यायची नाही, या पतीच्या हट्टापायी लखपती भावाची बहीण सिंधू दुसऱ्यांची दळणे दळून पोट भरू लागते. मध्ये एकदा सुधाकर खरोखरच सावरतो. दारू सोडतो, कामाच्या शोधात बाहेर पडतो. पण दारूड्या म्हणून बोभाटा झालेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. ज्या अपमानाने त्याला पेल्याकडे नेले होते, तोच अपमान दामदुपटीने परत येतो आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. या वेळचा पेला अखेरचा ठरतो. नशेच्या भरात त्याच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो, सिंधू जबर जखमी होते. मरतानाही ती दोष आपल्यावर ओढवून पतीला कायद्याच्या हातून सोडविते. शुद्धीवर आलेला सुधाकर दारूतच विष कालवून जीवनाचा शेवट करतो.

या कथेत नेमके दैव कोठे आहे? नाटकातील पात्रे दैवाला दोष देतात, प्रेक्षकही देतो. पण प्रत्येक वळणावर दुसरी वाट मोकळी होती. सनद परत मिळणार होती. पद्माकराचा पैसा तयार होता. रामलालचा हात पुढे होता. त्या सगळ्या वाटा बंद केल्या त्या सुधाकराच्या अहंकाराने, आणि त्या बंद होत असताना मूकपणे पाहत राहिली ती सिंधूची निष्ठा. ज्या गुणांमुळे हे दोघे एकमेकांना शोभून दिसतात, त्याचा मानीपणा आणि तिचे समर्पण, तेच गुण दोघांना खड्ड्यात ओढतात. संस्कृत नाट्यपरंपरेने नाटकाचा शेवट गोडच व्हावा असा दंडक घातला होता. मराठीत 'ऑथेल्लो'वरून देवलांचे 'झुंझारराव', 'हॅम्लेट'वरून आगरकरांचे 'विकारविलसित' अशी रूपांतरे रंगभूमीवर आली होती. पण आपल्याच आळीतल्या, आपल्याच मध्यमवर्गातल्या घरात शोकांतिका घडू शकते, हे प्रेक्षकांना पटवून दिले ते सुधाकर-सिंधूने.

काळही अनुकूल होता. १९०८मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले होते. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली मद्यपानाची फॅशन हा सुशिक्षितांच्या चर्चेचा विषय होता. गडकऱ्यांनी त्यावर व्याख्यान झोडले नाही, तर 'आर्य मदिरा मंडळ' स्थापन करून त्याची टर उडविली. सभा, ठराव, सुधारणेची पोपटपंची यांचे विडंबन करणारे हे दारूड्यांचे मंडळ प्रेक्षकांना खदखदून हसविते. हसताहसता प्रेक्षक तळीरामावर लोभ करू लागतो, आणि तेथेच नाटककाराने त्याला पकडलेले असते. तळीराम हे नाव तर नाटकातून बाहेर पडून मराठी भाषेचे झाले. थर्टीफर्स्टच्या बंदोबस्ताची बातमी देताना वृत्तपत्रांना आजही हाच शब्द आठवतो.

ठिगळांचे लुगडे

नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. 'मानापमान'मधील भामिनी आणि 'स्वयंवर'मधील रुक्मिणी यांच्या भूमिकांत बालगंधर्वांना भरजरी शालूत पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर ते ठिगळे लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसले. ज्यांच्या वेशभूषेचे अनुकरण घराघरांतील स्त्रिया करीत, त्या बालगंधर्वांनी दारिद्र्यालाही रूप दिले. संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या ऐन भरात हे धाडस होते. गाण्यासाठी आलेला प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडू लागला.

सिंधूवर आक्षेपही घेतले गेले. पतीने घर बुडविले, मूल मारले, तरी त्याच्याविरुद्ध अवाक्षर न काढणारी ही स्त्री म्हणजे पुरुषी समाजाचे स्वप्न आहे, ही टीका रास्तच आहे. दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या कोणत्याही स्त्रीला आज सिंधूचा कित्ता गिरवायला सांगणे क्रौर्याचे ठरेल. मात्र गडकऱ्यांनी त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता उभी केली आहे, हे विसरून चालणार नाही. गीता भांडते, फटकळपणे बोलते, नवऱ्याच्या दारूला दारूच म्हणते. तळीराम दारूपायी संपतो, पण गीता उरते. सिंधू मात्र मरते. नाटककाराने सिंधूला मखरात बसविले हे खरे, पण तिच्या सोशिकतेने कोणीही वाचले नाही, हेही त्यानेच दाखविले. नवरा नाही, मूल नाही, ती स्वतःही नाही. गडकऱ्यांचे मन सिंधूच्या बाजूचे होते, त्यांच्या कथानकाने दिलेला निवाडा मात्र वेगळा आहे. आजच्या प्रेक्षकाने हे नाटक पाहावे ते या विरोधासाठी.

भाषेबद्दलही दोन मते आहेत. अनुप्रासांची आतषबाजी, उपमांच्या माळा, पानपानभर चालणारी स्वगते आजच्या कानाला कृत्रिम वाटतात. मरणाच्या दारातील माणूस इतके सजवून बोलेल का, हा प्रश्न पडतो. पण ती भाषा पेलणारा नट मिळाला की प्रश्न विरून जातो.

सावनेरची अखेर

क्षयाने देह पोखरत असतानाही गडकऱ्यांची लेखणी थांबली नाही. उपचारांना यश येत नव्हते. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागायला १९४३ साल उजाडावे लागले. आजारपणात 'भावबंधन' पूर्ण झाले ते मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर, सावनेरला. आश्चर्य म्हणजे हे नाटक सुखान्त आहे. ज्याने निरोगी नायकाला मृत्यूच्या खाईत लोटले, त्याने स्वतः मृत्यूशी झुंजताना प्रेमिकांची लग्ने लावून दिली. ते नाटक बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि लतिकेच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ, तर घनश्यामच्या भूमिकेत चिंतामणराव कोल्हटकर गाजले. तेही गडकऱ्यांना पाहायला मिळाले नाही. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' ही नाटके अपुरीच राहिली.

त्या पिढीवर जणू काळाची दृष्टच पडली होती. केशवसुत १९०५मध्ये वयाच्या चाळिशीपूर्वी गेले. बालकवी ठोंबरे १९१८मध्ये तिशी गाठण्यापूर्वी गेले. पाठोपाठ गडकरी. सुधाकरापुढे दुसरी वाट होती, ती त्याने घेतली नाही. गडकऱ्यांपुढे वाटच नव्हती.

मृत्यूनंतरही वाद त्यांना चुकले नाहीत. 'राजसंन्यास'मधील संभाजी महाराजांच्या चित्रणावरून पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा पुतळा जानेवारी २०१७मध्ये उखडून टाकण्यात आला. ठाण्याच्या रंगायतनाला १९७८पासून त्यांचे नाव आहे. त्यांना गुरू मानणाऱ्या आचार्य अत्र्यांनी त्यांची थोरवी आयुष्यभर गायिली.

पण पुतळे आणि वास्तू यांच्यापेक्षा गडकऱ्यांची खरी आठवण अन्यत्र आहे. व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात नवऱ्याचा हात धरून बसलेल्या बाईला 'एकच प्याला' ठाऊक असेलच असे नाही. 'आज एकदाच' हे शब्द मात्र तिने अनेकदा ऐकलेले असतात. त्या दोन शब्दांत घर बुडविण्याची ताकद आहे, हे १९१९मध्येच मराठी माणसाला सांगून ठेवणारा नाटककार तेहतिसाव्या वर्षी गेला. पहिला पेला नाकारता येतो, हे त्याच्या नाटकातील सुधाकराला उमगले तेव्हा फार उशीर झाला होता. प्रेक्षकाला तो उशीर होऊ नये, यासाठीच हे नाटक अजूनही पाहायचे असते.